आईची टाच तळहातावर घेणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टरबाई,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आईने बेसिनपाशी उभे राहून, डोळे मिटून, दोन्ही हातांनी टॉवेल धरून तोंड पुसले. दीड वर्ष आम्ही तिला एका हाताने भिंत धरूनच तोंड धुताना पाहिले होते, कारण साबणासाठी डोळे मिटले की तिचा तोल जात असे. तुमचे आभार खोलीत दोन शब्दांत मानून झाले होते, पण त्याने माझे समाधान झाले नाही.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही पुण्यातच तीन दवाखाने पालथे घातले. एका ठिकाणी मणक्यांची झीज सांगितली, दुसरीकडे ‘साखर आहे म्हटल्यावर पायाला मुंग्या येणारच’ म्हणून बोळवण झाली, आणि तिसरीकडे ती फिकट दिसते म्हणून लोहाच्या व फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्या. हिमोग्लोबिन वाढले, कागदावर सगळे ठीक दिसू लागले. बधिरपणा मात्र बोटांवरून घोट्यापर्यंत चढला. तो पुन्हा सांगितला तेव्हा ‘आजी, मनातून काढून टाका’ असे उत्तर मिळाले, आणि त्या दिवसापासून आईने तक्रार करणेच सोडले. ते वाक्य मला अजून गिळता आलेले नाही.

तुम्ही खुर्ची सोडून खाली बसलात. आईने संकोचाने पाय मागे घेतला, ‘अहो, पायाला काय हात लावता’ म्हणाली, तरी तुम्ही तिची टाच आपल्या तळहातावर घेतलीत. कंपनकाटा, म्हणजे ठोकला की थरथरणारा तो धातूचा चिमटा, आधी तिच्या मनगटाला टेकवून ‘हे असे जाणवायला हवे’ हे दाखवलेत आणि मग तो अंगठ्यावर ठेवलात. आई लगेच ‘आहे, आहे’ म्हणाली. तुम्ही काट्याचे कंपन बोटांनी थांबवून तो पुन्हा टेकवलात, तरीही ती ‘आहे’च म्हणाली. तेव्हा तुम्ही हलकेच म्हणालात, ‘जाणवत नसेल तर नाही म्हणा, आई. त्यात तुमची काही चूक नाही.’ आईचे डोळे भरून आले. दीड वर्षात तिला ‘नाही’ म्हणायची मुभा प्रथमच मिळाली होती, आणि या सगळ्याला पाच मिनिटेही लागली नव्हती.

पुढे रक्तात बी१२ जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेले निघाले. जन्मभराचा शाकाहार, दूधही चहापुरतेच, आणि साखरेसाठी वर्षानुवर्षे चालू असलेले मेटफॉर्मिन, ज्याने बी१२चे शोषण कमी होते. हे सारे आधीच्या प्रत्येक केसपेपरवर लिहिलेले होते. फॉलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारते, पण बी१२वाचून मज्जातंतूंच्या आवरणाची हानी आतल्या आत चालूच राहते, हे तुम्ही समजावलेत तेव्हा त्या सुधारलेल्या हिमोग्लोबिनची मला भीती वाटली. याचे दुःख अधिक होते, कारण हा विषय आपल्या शहराला नवा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांत बी१२ कमी आढळले. ज्या मातांत बी१२ कमी आणि फोलेट (फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचेच एक रूप) जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा शरीराचा विरोध, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी अवस्था, सर्वाधिक दिसला. हे २००८ साली प्रसिद्ध झालेले आहे. एवढे संशोधन ज्या गावात झाले, तिथल्याच तीन दवाखान्यांत एक साधी रक्ततपासणी कोणाला सुचू नये?

ज्ञान त्यांच्याकडेही असेल. समोरच्या म्हाताऱ्या बाईचे बोलणे खरे मानून चालण्याची जी सभ्यता तुमच्याकडे आहे, ती असती तर तेच ज्ञान आईच्या पायांपर्यंत पोहोचले असते. मी हे रागाने लिहिते आहे हे मला कळते, पण तुमचे ऋण किती मोठे आहे ते या रागाशिवाय मला सांगता येत नाही.

उशीर झाल्यामुळे सगळे भरून येईलच असे नाही, हे तुम्ही इंजेक्शने सुरू करतानाच स्पष्ट सांगितले होते. परवाच्या तपासणीत डाव्या अंगठ्यावर काटा टेकताच आई ‘आहे’ म्हणाली. उजव्यावर तुम्ही तो टेकवलात, तेव्हा तिने क्षणभर लक्ष देऊन पाहिले आणि तुमच्याकडे बघत, न अडखळता सांगितले, ‘नाही, इथे अजून नाही.’

आपली ऋणी,
तुमच्या एका रुग्णाची मुलगी