ऐनाची साल रानातच राहू दे

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. वरच्या रानाची तोड द्यावी का, असं विचारलंयस. ठेकेदार माझ्याकडेही दोनदा येऊन गेला. काकींच्या ऑपरेशनला पैसे लागणार आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून ‘देऊच नकोस’ असं मी म्हणणार नाही. पण द्यायची ती कशी, एवढं माझं ऐक.

परवा मुद्दाम रानात जाऊन आलो. पऱ्याच्या वरच्या अंगाला तो जुना ऐन आहे ना, त्याच्याखाली बसून पातेरा हाताने बाजूला केला. वरची पानं कोरडी, चुरचुरणारी. त्यांच्याखाली नुसत्या शिरांची जाळी उरलेली पानं, त्यांवर पांढऱ्या बुरशीचे धागे. त्याखाली चार बोटं काळी माती, आणि केसांसारखी बारीक मुळं तिच्यातून वर येऊन थेट कुजत्या पानांत शिरलेली. मग लगेच जांभा. आपल्या रानाची सगळी शिल्लक त्या चार बोटांत आणि उभ्या झाडांत आहे, अनंता. जांभ्यातलं कॅल्शियम, पालाश पावसाने केव्हाच धुऊन नेलंय. स्फुरद असतं, पण लोहाला असं चिकटून बसलेलं की मुळांना सहजी सुटत नाही. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे हे रान तगतं, कारण गळलेलं पान कुजतं आणि ते वाहून जायच्या आत मुळं ते परत उचलतात.

ठेकेदाराला हवं खोड. आतल्या लाकडात वजनाच्या मानाने अन्नद्रव्यं थोडीच असतात. ती असतात पाल्यात, कोवळ्या फांद्यांत आणि सालीत. ऐनाच्या सालीची राख जुनी माणसं विड्याच्या पानाला चुन्यासारखी लावायची, इतकं कॅल्शियम असतं त्यात. आता ट्रक भरतो तो सालीसकट, आणि बारीक फाटीसुद्धा भट्टीसाठी गोळा करून नेतात. आठ-दहा वर्षांनी पुन्हा तोड आली की झाडं कोवळीच सापडतात. कोवळ्या झाडात साल जास्त, गाभा कमी. म्हणजे एका ट्रकामागे जमिनीचं नुकसान आणखी मोठं.

आता जी गोष्ट सांगायला बसलो ती ऐक. अमेरिकेत न्यू हॅम्पशरच्या डोंगरात हबर्ड ब्रूक नावाचं जंगल आहे. 1965च्या अखेरीस तिथे एका ओढ्याचं अख्खं पाणलोट, 15.6 हेक्टर, तोडलं. एक ओंडका बाहेर नेला नाही, सगळं पडलं तिथेच राहू दिलं. पुढचे तीन उन्हाळे तणनाशक मारून एकही फुटवा वाढू दिला नाही. लायकन्स, बॉर्मन हे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी ओढ्याचं पाणी तपासत होते. त्यातलं नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळलेलं नत्र, पहिल्या वर्षी 41 पट वाढलं, दुसऱ्या वर्षी 56 पट. पाणी पिण्याच्या मर्यादेबाहेर गेलं. लाकूड न नेता हे झालं! पातेरा कुजतच होता, नत्र सुटतच होतं, पण ते उचलायला जिवंत मूळ नव्हतं. नायट्रेट मातीला धरून राहत नाही. पाण्याबरोबर निघालं की कॅल्शियम, मॅग्नेशियमलाही सोबत घेऊन जातं.

हे वाचलं आणि मला आपल्या खालच्या वाडीचा डोंगर आठवला. तिथे तोड झाली, मग जेसीबीने खुंट उपटले, उरलेलं पेटवलं आणि काजू लावून दोन पावसाळे तणनाशक मारलं. पेटवलं तेव्हा नत्र धुरात गेलं, राख मृगाच्या पहिल्या सरींत पऱ्यात गेली. तिथला पऱ्या तांबडा वाहताना मी स्वतः पाहिलाय. आपल्या आजोबांनीही राबासाठी, म्हणजे भाताचा तरवा पेरायची जागा भाजायला, कवळ तोडली, नाही असं नाही, आणि भाजावळीत नत्र तेव्हाही जळतच होतं. पण त्यांनी फांद्या घेतल्या, झाड उभं ठेवलं, आणि राख आपल्याच तरव्याला मिळाली.

तेव्हा करार करशील तर एवढं लिहून घे. अर्धंच रान यंदा द्यायचं, उरलेलं निदान पाच-सहा वर्षांनी. पऱ्याच्या दोन्ही काठांना हात लावायचा नाही. ओंडके रानातच सोलायचे, पाला-फाटी तिथेच पसरून टाकायची, पेटवायची नाही. खुंट उपटायचे नाहीत. ऐन, किंजळ खुंटावरून फुटतात आणि त्यांची मुळं पहिल्याच पावसात कामाला लागतात. भाव थोडा कमी येईल. जो फरक पडेल त्यातला माझ्याकडून होईल तेवढा मी घालेन, काकींना तसं सांग.

ठेकेदार शनिवारी परत येणार आहे. त्याच्या आधी मी काठावरच्या झाडांना चुन्याचे पट्टे मारून ठेवतो. तू सातबारा आणि चुलत्यांचं संमतीपत्र तेवढं पाठव.

तुझा,
सदा