मंत्रीसाहेब, आमची यादी कोणाकडे द्यायची तेवढं सांगा

मा. आपत्ती व्यवस्थापन मंत्री यांना,

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी गेली ११ वर्षं एका छोट्या स्वयंसेवी मदत गटात काम करतोय. पूर, आग, दरड, वादळ, जे येईल तिथे आम्ही जातो. आमच्यात शिक्षक आहेत, रिक्षावाले आहेत, दोन नर्स आहेत आणि एक वायरमन आहे, त्याच्याशिवाय आमचं पान हलत नाही, कारण साचलेल्या पाण्यात पाय टाकायच्या आधी लाइट बंद आहे की नाही हे तोच बघतो. पगार कुणालाच नाही, आणि आम्ही तो मागतही नाहीये.

काहीही झालं की पहिले काही तास तिथलेच लोक असतात. मोठी टीम निघून, रस्ता मोकळा करून, बोटी घेऊन पोचेपर्यंत शेजाऱ्याने शेजाऱ्याला बाहेर काढलेलं असतं. १९९५ मध्ये जपानात कोबेला भूकंप झाला, ६ हजारांवर माणसं गेली, तिथेही ढिगाऱ्यातून वाचलेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं होतं. म्हणून आमचं पहिलं काम असतं मोजणी. गल्लीत जायचं, कुठल्या घरात किती माणसं, कोण सापडत नाही, कोणाला चालता येत नाही हे विचारून लिहायचं. ही यादी हातात असली की मागून येणाऱ्या टीमला थेट त्या घरापर्यंत जाता येतं, नाहीतर ते बिचारे अंधारात हाका मारत फिरतात.

मग निवारा. गेल्या पुरात शाळेत लोक ठेवले होते, रात्री अकराच्या सुमारास एक आजी माझ्याजवळ आल्या, मुठीत गोळ्यांची रिकामी स्ट्रिप, भिजलेली, नाव अर्धं फाटलेलं. अंगावरचं सगळं ओलं होतं पण त्यांनी ना चादर मागितली ना काही खायला, एवढंच म्हणाल्या, "सकाळची गोळी चुकली तर?" आमच्या नर्सने बीपी बघितलं, टॉर्चच्या उजेडात स्ट्रिपवरची उरलेली अक्षरं डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवली आणि सकाळी गोळी आली. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर नावाखालचा पहिलाच रकाना औषधाचा असतो.

त्याच शाळेत दोनशेच्या वर माणसं होती आणि चालू संडास एक. बायकांनी संध्याकाळपासून पाणी पिणंच सोडलं होतं, रात्री अंधारात जावं लागू नये म्हणून! साहेब, मदतकार्याची स्फिअर नावाची मानकं जगभर वापरतात, १९९७ ला त्यांचं काम सुरू झालं, त्यात सगळं लिहिलंय, माणशी रोज निदान १५ लिटर पाणी, सुरुवातीला ५० जणांमागे एक संडास आणि शक्य तितक्या लवकर २० जणांमागे एक, बायकांचे वेगळे, आतून कडी लागणारे. ते वाचायला इंजिनिअर लागत नाही. पण निवारा कुठे करायचा हे पाणी चढल्यावर ठरवलं तर संडास कुठून आणणार?

जुन्या कपड्यांबद्दलही बोलायला हवं. लोक प्रेमाने पाठवतात, पण न विचारता आलेल्या गाठोड्यांनी खोली भरते, ती सोडवायला आमची दहा माणसं अडकतात आणि नेमकं तेव्हाच बाहेर फावडं धरायला कोणी नसतं. तुमच्या ऑफिसने रोज सकाळी काय हवंय आणि काय नकोय एवढं जरी जाहीर केलं तरी आमचं निम्मं ओझं हलकं होईल.

आता माझं खरं दुखणं. पाणी ओसरल्यावर कॅमेरे जातात आणि चिखल राहतो. तो उपसताना आमच्या एका विशीतल्या पोराच्या पायात चपलेतून खिळा घुसला. टिटॅनसचं इंजेक्शन, टाके, तीन आठवडे काम बंद, आणि तो रोजंदारीवरचा. त्याचा विमा नव्हता, आयकार्ड नव्हतं, तो तिथे होता याची नोंदसुद्धा कुठल्या सरकारी कागदावर नव्हती. आम्ही वर्गणी काढली. नंतर कार्यक्रम झाला, त्याला सर्टिफिकेट मिळालं, ते घ्यायला तो लंगडतच गेला. मला अजून त्याच्याशी नजर मिळवता येत नाही, कारण गमबूट नसताना त्याला आत पाठवलं ते मीच.

कोबेनंतर वर्षभरात दहा लाखांवर स्वयंसेवक येऊन गेले, सुरुवातीला तिथेही गोंधळच होता. आज जपानात आपत्ती आली की त्या गावात स्वयंसेवक केंद्र उघडतं, एका बाजूला मदत हवी असलेल्यांची नोंद, दुसऱ्या बाजूला आलेल्या माणसांची, दोन्ही जुळवून माणसं पाठवतात, आणि स्वयंसेवकांसाठी विम्याची सोय आहे. आम्हाला तेवढंच हवंय हो. एक टेबल, फोन उचलणारा एक जबाबदार माणूस, आयकार्ड, विमा आणि गमबूट, आणि तेही आपत्तीच्या आधी.

आमच्या माणसांची यादी तयार आहे, कोणाला पोहता येतं, कोणाकडे गाडी आहे, कोणाचा रक्तगट काय, सगळं लिहिलंय. ती घेऊन मी तीन ऑफिसं फिरलो, प्रत्येक ठिकाणी सांगितलं की हा विषय आमच्याकडे येत नाही. तो कोणाकडे येतो ते नाव आणि नंबर कळवा, मी दुसऱ्याच दिवशी यादी घेऊन हजर होतो.

आपला,
एका मदत गटाचा कार्यकर्ता