कंपनीला धरलं तर आधी आपलीच तक्रार उडणार

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडं एका वाचकाचं पत्र आलं होतं, फेसबुक, यूट्यूब, इन्स्टावाल्यांना पेपरसारखंच जबाबदार धरा, कुणी काही बदनामीचं टाकलं की सरळ कंपनीवरच केस करा म्हणून. आमच्या कट्ट्यावर पण सगळे हेच म्हणायलेत. मला पटलं नाही म्हणून लिहायलोय.

पेपरात खाली बारीक अक्षरात संपादकाचं नाव असतंय, छापलेल्याला जबाबदार कोण ते तिथं कळतं. ते बरोबरच आहे, कारण तुम्ही हे पत्र आधी वाचणार, नको ते कापणार, मग छापणार. तिकडं कोण वाचून छापतंय? लाखो लोक टाकायलेत आणि ते तसंच दिसायलंय. म्हणून तर आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्यात कलम ७९ आहे, दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल वेबसाईटला थेट दोषी धरत नाहीत, पण काढायचा आदेश येऊनही काढलं नाही तर ते संरक्षण जातं. पूर्वी हे एवढं पक्कं नव्हतं, २००४ मध्ये बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या वेबसाईटवर कुणीतरी अश्लील क्लिप विकायला ठेवली तर पोलिसांनी कंपनीच्या सीईओलाच आत टाकलं होतं. मग २००८ ला कायद्यात दुरुस्ती झाली.

आता मुद्दा असा की कंपनीच्या मानेवर केसची टांगती तलवार ठेवली तर ती काय करणार? खरं खोटं बघत बसणार नाही, तक्रार आली की उडवून मोकळी होणार. तिला सोलापूरचं काय पडलंय. आपल्याकडं चार-पाच दिवसाआड पाणी येतं, उजनी धरण भरलेलं असलं तरी तसंच, मग लोक रिकाम्या टाकीचे नाहीतर नळाला आलेल्या घाण पाण्याचे व्हिडिओ टाकतात, त्यात एखाद्या ठेकेदाराचं नाव घेतात. ठेकेदाराने नुसतं 'माझी बदनामी झाली' म्हटलं की व्हिडिओ गायब. टाकणारा कोर्टात जाणार आहे का? त्याला नळाला पाणी कधी येतंय याची पडलीय.

सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल खटल्याच्या निकालात हेच ओळखलं होतं, कुणाचीही तक्रार म्हणजे आदेश नाही, कोर्टाचा हुकूम नाहीतर सरकारची अधिसूचना पाहिजे. त्याच निकालात ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिणं गुन्हा ठरवणारं कलम ६६अ रद्द झालं. हे कलम आठवत नसेल तर पालघर आठवा, २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून एक मुलगी आणि नुसतं लाईक केलं म्हणून तिची मैत्रीण, दोघींना पकडलं होतं!

आता दुसरी बाजू पण आहे, ती मी नाकारत नाही. एखाद्या खानावळवाल्याच्या आमटीत झुरळ निघालं म्हणून खोटा व्हिडिओ फिरला तर बिचाऱ्याचं महिन्याचं गिऱ्हाईक गेलं, त्याने काय करायचं? २०२१ च्या आयटी नियमात कंपनीने तक्रार अधिकारी नेमा, २४ तासात पोच द्या, १५ दिवसात निकाली काढा असं होतं, २०२६ मध्ये ते सात दिवसांवर आणलं. कागदावर छान आहे, पण उत्तर येतं ते छापील, मशीनने पाठवल्यासारखं. माझं म्हणणं एवढंच की जोर इथं लावा. तक्रारीला मराठीत उत्तर देणारा खरा माणूस पाहिजे. खोटं टाकणाऱ्याला शोधा, त्याच्यावर केस करा. आणि पोस्ट काढायचा अर्ज जिल्हा कोर्टातच आठ-दहा दिवसात ऐकला जावा, छोट्या दुकानदाराला त्यासाठी वर्षभर तारखा परवडत नाहीत. ज्याची पोस्ट काढली त्याला कारण पण कळवा, सरकारने काढायला लावली असली तरी कळवा. आपल्या खासदारांनी संसदेत हा प्रश्न विचारला तर बरं होईल, तिथं प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

आपला,
एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

ता.क. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲडमिनने केसच्या भीतीने सगळ्यांचे मेसेज बंद केलेत. मेंबरच्या पोस्टसाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून कुणी दोषी होत नाही, दोघांचं आधी ठरलेलं असलं तरच, असं हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय. हे जरा ठळक छापा, तो तुमचाच पेपर वाचतो.