पडवीतल्या पुस्तकांची यादी

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. नमस्कार.

बाबा, वाडीतल्या मुलांसाठी पडवीत पुस्तकं ठेवायची म्हणून तुम्ही केलेली यादी मिळाली. चाळीस नावं, त्यातली बावीस थोर पुरुषांची चरित्रं, नऊ बोधकथांची आणि दोन सामान्यज्ञानाची. रागवू नका, पण ही यादी मुलांची नाही, बक्षीस समारंभाची आहे. अशी पुस्तकं मुलं हातात घेतात, मुखपृष्ठ बघतात आणि ठेवून देतात. मग आपणच म्हणतो, हल्लीच्या पोरांना वाचनाची आवड नाही. चरित्रांतली चार आणि बोधकथांतली दोन ठेवूया. बाकीच्या जागी काय घ्यायचं ते लिहिते.

आधी एक गोष्ट. इयत्ता बघून पुस्तक देऊ नका. चौथीतल्या मुलाला दुसरीचं पुस्तक लागतं आणि तिसरीतली एखादी मुलगी सहावीचं खाऊन टाकते. मुलाने निवडलेल्या पुस्तकाचं मधलंच एक पान उघडा आणि मनातल्या मनात वाचायला सांगा. जिथे अडेल तिथे त्याने एक बोट मिटायचं. पान संपेपर्यंत एक-दोन बोटं मिटली तर पुस्तक बरोबर आहे. पाचही मिटली तर ते एकट्याने वाचण्याचं नाही, पण आईने वाचून दाखवायला उत्तम. एकही मिटलं नाही तरी काढून घेऊ नका, सोपं पुस्तक भरभर वाचण्याची मजा वेगळीच असते. ही परीक्षा इतर मुलांदेखत मात्र घेऊ नका. मोठ्याने वाचताना हसं झालेलं मूल पुन्हा पडवी चढत नाही.

अडायच्या जागा ठरलेल्या असतात. जोडाक्षरं तर असतातच, पण सगळ्यात जास्त घोळ ‘र’चा. क्रम, कर्म, राष्ट्र, कैऱ्या. एकच ‘र’ चार रूपांत येतो आणि नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथे ठेचकाळतं. म्हणून पहिली-दुसरीसाठी पुस्तक घेताना दोन पानं चाळून बघा. पानावर चार-पाच ओळी, ठळक मोठा टाइप, जोडाक्षरं तुरळक आणि शब्द ओळीच्या शेवटी तोडलेला नको. चित्र ज्या प्रसंगाचं आहे तो मजकूर त्याच पानावर हवा. स्वस्त पुस्तकांत चित्र एका पानावर आणि गोष्ट दोन पानं पुढे असते, मग चित्राचा आधार घेऊन वाचायची सोयच राहत नाही.

आई, हे तुझ्यासाठी. आपल्या मुलांच्या घरात मालवणी आणि पुस्तकात प्रमाण मराठी. ‘घोडा गेला’ असं छापलेलं असताना मूल ‘घोडो गेलो’ वाचेल. बाबा लगेच सुधारायला जातील, त्यांना थांबव. त्या मुलाने अक्षरं ओळखली, अर्थ लावला आणि तो आपल्या भाषेत आणला. हे चुकीचं वाचन नाही, नीट वाचन झाल्याची खूण आहे. अर्थच बदलला, म्हणजे ‘घोडा’चा ‘घडा’ झाला, तरच थांबवायचं. गोष्ट झाल्यावर मुलांना ती मालवणीतच सांगू दे.

आता नावं.

अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांचा ‘राधाचं घर’ हा संच घ्या. राधा आणि तिच्या घरातली माणसं, बस. उपदेश नाही, खलनायक नाही. चित्रंही त्यांचीच आहेत, आणि चित्रात मजकुरापेक्षा जास्त काहीतरी चाललेलं असतं. म्हणून न वाचता येणारं मूलही त्यात रमतं. यश नावाच्या मुलाच्या त्यांच्या गोष्टी थोड्या मोठ्यांसाठी आहेत. त्यांचंच ‘वाचू आनंदे’ चार भागांत आहे, दोन बालगटाचे, दोन कुमारगटाचे. मराठीतल्या चांगल्या लेखकांचे उतारे, कविता, चित्रं विषयवार लावलेली आहेत. हे सलग वाचायचं पुस्तक नाही, कुठूनही उघडायचं. बाबा, तुम्हाला शिकवायची हौस भागवायची असेल तर ती या चार भागांवर भागवा.

कवितांची पुस्तकं तुमच्या यादीत एकही नाही, याचं मात्र नवल वाटलं. विंदा करंदीकर आपल्या देवगड तालुक्यातल्या धालवलीचे. त्यांची ‘राणीची बाग’ आणि ‘एटू लोकांचा देश’ हवीतच. पाडगावकर वेंगुर्ल्याचे, त्यांच्याही बालकविता घ्या. कविता समजावून सांगायची नाही. ठेका धरून दोनदा म्हणायची, तिसऱ्या वेळी ओळीचा शेवटचा शब्द सोडून द्यायचा, तो मुलं म्हणतात. आठवड्याने तीच कविता पुस्तकात उघडून समोर ठेवली की जे पाठ आहे ते मूल बोट ठेवून ‘वाचतं’. पाठ असलेला शब्द आणि छापलेला शब्द यांची गाठ तिथे पडते. वाचायला मागे पडलेल्या मुलांसाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

पाचवीच्या पुढे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा काडीपैलवान बनेश, तोंडाने ‘ट्टॉक’ करणारा. मालिकेत वीस पुस्तकं आहेत. प्रत्येकाची गोष्ट वेगळी, त्यामुळे क्रम पाळायची गरज नाही. आधी चारच घ्या. ती फाटेपर्यंत वाचली गेली की पुढची. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’चे तीन भाग आहेत. भाषा जुनी आहे, म्हणून पहिली दोन प्रकरणं वाचून दाखवा आणि मग पुस्तक मुलाच्या हाती सोडा.

‘श्यामची आई’ तुमच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे. असायलाच हवी, पण सगळ्यात आधी द्यायला नको. दापोलीजवळच्या पालगडचं पुस्तक, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं. बेचाळीस रात्री, म्हणजे प्रकरणं, आहेत आणि बऱ्याच रात्री डोळे ओले करणाऱ्या. आठ वर्षांच्या मुलाला सगळ्या ओळीने वाचायला लावल्या तर तो दहाव्या रात्रीच कंटाळेल. सुरुवात ‘पत्रावळ’ आणि ‘श्यामचे पोहणे’ या दोन रात्रींनी करा. पाण्याला घाबरून लपून बसलेला श्याम आपल्या मुलांना लगेच ओळखीचा वाटेल, विहिरीत पोहायला शिकताना प्रत्येक जण एकदा तरी लपलेला असतो. विकत घेताना जपा. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे साठ वर्षांनी पुस्तक कॉपीराइटमधून मुक्त झालं आणि आता कोणीही छापतं. अनुक्रमणिकेत बेचाळीस रात्री मोजून घ्या. ‘संक्षिप्त’ लिहिलेली प्रत नको, त्यात गोष्ट उरते आणि कोकण जातं.

एक पुस्तक मात्र कितीही महाग पडलं तरी दोन प्रती घ्या: ‘तोत्तोचान’. मूळ जपानी, मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा, नॅशनल बुक ट्रस्टने काढलेला. जुन्या रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा आहे. प्रकरणं दोन-तीन पानांची, एका बैठकीला एक पुरतं. त्या शाळेतले मुख्याध्यापक पालकांना सांगतात, मुलांच्या डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरावरचं द्या. ते प्रकरण वाचून झालं की पुस्तक मिटून ठेव, आई, आणि आपल्याकडे समुद्रातलं काय, डोंगरावरचं काय, एवढंच विचार. सुक्या बांगड्यापासून फणसाच्या आठळ्यांपर्यंत यादी मुलं स्वतः करतील.

‘किशोर’ची वर्गणी भरा. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय. मासिकाचा फायदा असा, की नवीन अंक कधी येणार म्हणून मुलं वाट बघतात. आणखी एक, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, छापून घ्यायलाही परवानगी आहे. त्यांच्या चार पातळ्या केल्यात, पहिल्या पातळीतली गोष्ट अडीचशे शब्दांच्या आत असते. वाडीत रेंजचा भरवसा नाही, म्हणून मी इथूनच तीस गोष्टी रंगीत छापून पाठवते.

वाचून दाखवण्याबद्दल थोडं. चित्रपुस्तक असेल तर एका वेळी आठच मुलं. जास्त झाली की मागच्यांना चित्र दिसत नाही, मग ती एकमेकांना ढोसतात आणि आपल्याला वाटतं की दंगेखोर आहेत. पुस्तक मांडीवर नको, छातीपाशी एका बाजूला मुलांकडे तोंड करून धरायचं. मुखपृष्ठावरचं नाव, लेखक, चित्रकार वाचायचा. पंधरा मिनिटं खूप झाली. दिवेलागणीनंतरची वेळ बरी. तेच पुस्तक तीन दिवस मागतील, तर तीन दिवस वाचायचं. आणि बाबा, शेवटी ‘तात्पर्य काय?’ हे विचारायचं नाही. तो प्रश्न येणार हे कळलं की मुलं गोष्ट ऐकत नाहीत, उत्तर शोधत बसतात.

पुस्तकं कपाटात उभी लावू नका. मुलांच्या पातळ पुस्तकांना कणा नसतो, नाव दिसतच नाही. पडवीच्या भिंतीला पाट्यांची उथळ फळी मारा आणि मुखपृष्ठ समोर ठेवा. एका वेळी पंधराच मांडा, दर पंधरवड्याला बदला. दोरीवर मधून टांगायची हौस करू नका, पिनांपाशी कागद फाटतो.

पावसाचं काय ते आत्ताच ठरवा. हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर टिकला की कागदाला बुरशी धरायला लागते, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात तो त्याच्या बराच वर असतो. पुस्तकं भिंतीपासून चार बोटं लांब आणि जमिनीपासून वर हवीत. दमट पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आतच कुजतं. कडुनिंबाचा पाला कडकडीत वाळवूनच फडक्यात बांधायचा, ओला ठेवलात तर बुरशीला आपणच पाणी दिल्यासारखं. पांढरी बुरशी दिसली तर नाकाला फडकं बांधून मागच्या दारी मऊ ब्रशने झाडायची, पुस्तक सावलीत वाऱ्याला उघडं ठेवायचं. कडक उन्हात ठेवलं की कागद पिवळा पडतो आणि मुखपृष्ठ वाकतं.

खाऱ्या हवेने पिना गंजतात, हे तर होणारच. गंज कागदात उतरायच्या आत पिना काढा आणि शिवून टाका. मधल्या घडीवर तीन भोकं. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं सोडून खालच्या भोकातून बाहेर, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. दोरीची दोन्ही टोकं आता आतच आली, ती आतल्या लांब टाक्यावर गाठ मारून बांधा. गोधडीचा दोरा चालतो. आई, तुझी दोन मिनिटांची गोष्ट. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको, वर्षात पिवळा पडून सुटतो आणि चिकटा मागे ठेवतो. पांढरा डिंक थोड्या पाण्यात पातळ करून वर पतंगाच्या कागदाची पट्टी लावा.

वहीत चारच रकाने आखा: मुलाचं नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. दंड नको. हरवलेल्या पुस्तकाला दंड लावला की पुढच्या वेळी पुस्तक नाही, मूलच येत नाही. वर्षाला पाच-सहा पुस्तकं जाणार असं धरूनच चाला.

चौदा मुलांपैकी किती जणांना अजून अक्षरं जुळवता येत नाहीत, तेवढं फोनवर कळवा. त्यावर चित्रपुस्तकं किती घ्यायची ते ठरेल. खोके गणपतीला येणाऱ्या गाडीने पाठवते, तोपर्यंत फळी मारून घ्या. खालची कड जमिनीपासून दोन फुटांवर, बालवाडीतल्या मुलांचा हात पोचेल अशी.

तुमची,
बाय