सोळावा दिवस : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी देवगड तालुक्यात, विजयदुर्ग खाडीच्या काठी राहणारा निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. गेल्या वर्षी ऐन आंब्याच्या हंगामात माझा धाकटा भाऊ स्वादुपिंडाच्या दाहाने, म्हणजे डॉक्टर ज्याला पॅनक्रियाटायटिस म्हणतात त्या आजाराने, एक्केचाळीस दिवस झुंजून गेला. त्यानंतर मी केलेल्या अर्जावर एका जबाबदार व्यक्तीने चार माणसांसमक्ष मला शब्द दिला होता की, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन बघत पोटात नळी बसवू शकणारा तज्ज्ञ डॉक्टर सहा महिन्यांत आमच्या भागाला मिळेल. त्याला आता चौदा महिने झाले. सोळा दिवसांपूर्वी आमच्या शेजारच्या वाडीतील एक बाई, मासळी विकून घर चालवणारी, वय अडतीस, त्याच आजाराने त्याच रुग्णालयात दाखल झाली. परवा तिला थंडी वाजून ताप भरला आणि काल तिच्या नवऱ्याला तेच वाक्य ऐकवण्यात आले, जे मला ऐकवले गेले होते : ‘इथे होणार नाही, घाटावर न्या.’ अर्ज करून झाले, विनंत्या करून झाल्या, म्हणून हे पत्र आता सर्वांसमोर लिहितो आहे.

आपल्याकडे रोज शेकडो कागद येत असतील, तेव्हा हा आजार काय आहे ते आधी सांगतो, कारण तो समजल्याशिवाय माझे मागणे समजणार नाही. स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी असलेली ग्रंथी अन्न पचवणारा रस तयार करते. पित्ताशयातला खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकला, किंवा दारूने, किंवा रक्तातल्या अतिरिक्त चरबीने ग्रंथी बिघडली, की तोच रस आतल्या आत ग्रंथीलाच पचवू लागतो. दहांपैकी आठ रुग्ण सलाइन, वेदनाशामक औषधे आणि विश्रांती यांवर आठवड्याभरात घरी जातात. उरलेल्यांपैकी पुष्कळांच्या ग्रंथीचा काही भाग रक्तपुरवठा तुटून मरतो, आणि अशा मेलेल्या भागात साधारण तिघांपैकी एकाला जंतुसंसर्ग होतो. हे जंतू बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातूनच तिथे पोचतात. ज्या भागात रक्त पोचत नाही तिथे रक्तातून जाणारे औषधही नीट पोचत नाही, म्हणून नुसती इंजेक्शने देत बसून प्रत्येक वेळी भागत नाही. पू बाहेर काढावा लागतो.

पण, महोदय, या आजारात वेळ मिळतो, आणि माझ्या मनातला सारा संताप या एका गोष्टीभोवती फिरतो. हृदयविकारात तासांचा हिशेब असतो. इथे संसर्ग बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डोके वर काढतो, आणि मेलेल्या भागाभोवती घट्ट कवच धरायला सुमारे चार आठवडे लागतात. तोवर चाकू लावण्याची घाई करू नये, आधी योग्य प्रतिजैविक द्यावे, गरज पडली तर कुशीतून नळी घालून पू वाहता करावा, आणि त्यानेही भागले नाही तरच मेलेला भाग दुर्बिणीने किंवा शस्त्रक्रियेने काढावा, असा पायरीपायरीचा मार्ग आज जगभर मानला जातो. नेदरलँड्समधील एकोणीस रुग्णालयांनी ८८ रुग्णांवर केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या मार्गाने उपचार केलेल्या रुग्णांपैकी ३५ टक्क्यांना नळीशिवाय काहीच लागले नाही. थेट पोट उघडलेल्यांमध्ये मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत ६९ टक्के होती, ती या मार्गाने ४० टक्क्यांवर आली. त्याच देशातून २०२१ साली आलेल्या अभ्यासात, कवच धरेपर्यंत नळी न घालता थांबलेल्या गटातील ३९ टक्के रुग्ण केवळ प्रतिजैविकांवर सावरले, त्यांना नळीही लागली नाही. म्हणजे या आजारात निसर्ग आपल्याला दोन-तीन आठवडे तयारी करायला देतो. ते आठवडे आम्ही कोकणातले लोक रस्त्यावर, खाट शोधण्यात आणि फोनवर ओळखी काढण्यात घालवतो.

माझ्या भावाचे दिवस मी वहीत लिहून ठेवले आहेत. त्याच्या पित्ताशयात खडे असल्याचे वर्षभर आधी सोनोग्राफीत दिसले होते आणि पित्ताशय काढायला सांगितले होते, पण ‘दादा, आंबा उतरू दे, मग बघू,’ असे तो म्हणाला आणि मीही मान हलवली. ती मान हलवल्याचे दुःख मी कोणावर ढकलत नाही. पहिल्या रात्री पोटातली कळ पाठीत आरपार जाऊ लागली, उलट्या थांबेनात. त्याला पित्त झाले आहे असे समजून इंजेक्शन दिले गेले. दुसऱ्या दिवशी रक्तातील लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातले चरबी पचवणारे द्रव्य, तपासल्यावर निदान झाले. त्याच दिवसापासून, संसर्गाचे एकही चिन्ह नसताना, खबरदारी म्हणून ताकदीची प्रतिजैविके सुरू झाली आणि दर चार दिवसांनी बदलत गेली; आणि अकरा दिवस त्याच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही, कारण ‘स्वादुपिंडाला आराम हवा.’ मी शिक्षक आहे, डॉक्टर नाही, पण भाऊ गेल्यावर रात्र रात्र जागून मी हे सारे वाचले. आज तज्ज्ञ याच्या उलट सांगतात. रुग्णाला सोसेल तसे पहिल्या दोन-तीन दिवसांतच तोंडाने किंवा नाकातल्या नळीने अन्न सुरू करावे, कारण उपाशी आतड्याचे अस्तर कमजोर होते आणि जंतूंना वाट मोकळी होते. आणि केवळ भीतीपोटी प्रतिजैविके देऊ नयेत, कारण त्यामुळे संसर्ग टळत नाही, मात्र औषधांना न जुमानणारे जंतू आणि बुरशी पोसली जाते.

एकोणिसाव्या दिवशी ताप आला. सीटीमध्ये मेलेल्या भागात हवेचे बुडबुडे दिसले; ते संसर्गाचे जवळजवळ पक्के लक्षण असते. तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन प्रामाणिकपणे सांगितले की नळी हवी आहे आणि ती घालणारे इथे कोणी नाही. त्या मुलांविषयी माझी तक्रार नाही. ती तीन-तीन रात्री झोपलेली नव्हती. दोन दिवस मी खाट शोधली. एका ठिकाणी अतिदक्षता विभाग भरलेला होता, एका ठिकाणी आगाऊ रक्कम आमच्या आवाक्याबाहेर होती, एका ठिकाणी फोन उचलला गेला नाही. तेविसाव्या दिवशी प्राणवायू लावून त्याला फोंडाघाटातून वर नेले. प्रत्येक वळणावर तो माझे मनगट आवळत होता आणि मी त्याला खोटे सांगत होतो की आता शेवटचेच वळण आहे. चोविसाव्या दिवशी नळी घातली. पहिल्याच तासात सहाशे मिलिलिटर पू आला, चार दिवस ताप उतरला, तो माझ्याशी बोलला, कलमांना पाणी घातले का ते विचारले. मग कल्चरचा, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, अहवाल आला. क्लेबसिएला जंतू, जवळजवळ सर्व औषधांना दाद न देणारा. आणि आठवड्याने रक्तात कॅन्डिडा ही बुरशी. एक्केचाळिसाव्या दिवशी पहाटे तो गेला. त्याची मुलगी तेव्हा बारावीचा निकाल लागण्याची वाट पाहत होती.

तेव्हा मला सांगा, यात देवाची करणी किती आणि माणसांची किती? सुरुवातीला नको होती ती औषधे आम्हाला मिळाली आणि हवी होती ती नळी मिळाली नाही. औषध द्यायला फक्त एक परिचारिका आणि एक बाटली लागते. नळी घालायला शिकलेला माणूस लागतो, आणि शिकलेला माणूस कोकणात टिकेल अशी व्यवस्था आपल्या खात्याने उभी केलेली नाही. आमच्याकडे इमारतींची उद्घाटने होतात, यंत्रांना हार घातले जातात, वर्तमानपत्रात छायाचित्रे येतात. यंत्रासमोर बसणारा माणूस कधी येणार, हे कोणी सांगत नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक वाटा आरोग्यावर खर्च करावा असे लिहिले होते. ते साल उलटून गेले. त्या आठ टक्क्यांतला आमच्या खाडीकाठचा वाटा कुठे अडला, ते मला भर सभागृहात सांगा. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे पनवेल–इंदापूर टप्प्यातले काम २०११ साली सुरू झाले. तेव्हा पाचवीत असलेली माझ्या शाळेतली मुले पदवीधर होऊन नोकरीसाठी त्याच खड्ड्यांतून मुंबईला गेली. रस्ता देत नाही, डॉक्टर देत नाही, आणि रुग्णाला मात्र ‘वर न्या’ म्हणता. कोकणी माणूस सोशिक आहे, हे प्रत्येक निवडणुकीत व्यासपीठावरून ऐकतो. आमच्या सोशिकपणावर सरकारे चालली, आता पुरे.

शासनाच्या आरोग्य विमा योजनेची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ साली झाला, ही चांगली गोष्ट आहे आणि ती मी मान्य करतो. परंतु एका उपचाराला एक ठरावीक रक्कम, ही मांडणी या आजाराला पुरत नाही. इथे रुग्ण पन्नास-साठ दिवस खाटेवर असतो, नळी दोनदा-तीनदा बदलावी लागते, सीटी पुन्हा पुन्हा करावे लागते, आणि जंतू हट्टी निघाला तर एका दिवसाचे औषध आमच्या महिन्याच्या किराण्याहून महाग पडते. आम्ही सत्तावीस कलमांची बाग गहाण टाकली. ती अजून सुटलेली नाही.

मी रत्नागिरी-सिंधुदुर्गात लगेच मोठे सुपरस्पेशालिटी रुग्णालय बांधा असे म्हणत नाही. दोन जिल्ह्यांत मिळून नळी घालू शकणारे दोन डॉक्टर द्या, आणि ते मिळेपर्यंत आठवड्यातले ठरलेले दोन दिवस घाटावरून किंवा मुंबईहून कोणी येईल अशी पाळी लावा. संसर्गाचा रुग्ण बहुतेक वेळा तेवढे थांबू शकतो. रक्ताचे आणि पुवाचे कल्चर करून कोणते औषध लागू पडते ते दोन-तीन दिवसांत कळवणारी प्रयोगशाळा जवळ असू द्या. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात या आजाराविषयी एक पानी लेखी सूचना लावा : अन्न कधी सुरू करायचे, प्रतिजैविक कधी द्यायचे नाही, अवयव निकामी होऊ लागले तर त्याच दिवशी रुग्णाला कुठे पाठवायचे. खाट शोधण्याचे काम नातेवाइकांच्या गळ्यातून काढून घ्या. डॉक्टरने डॉक्टरला फोन करावा आणि जागा नक्की झाल्यावरच गाडी हलावी. आणि ज्यांच्या पित्ताशयातल्या खड्यांनी एकदा त्रास दिला आहे, त्यांची शस्त्रक्रिया हंगामाच्या आधी, पावसाळ्यातच, गावाजवळ उरकेल असे करा. माझ्या भावासारखे ‘आंबा उतरू दे’ म्हणणारे इथे घरोघरी आहेत.

ती मासळी विकणारी बाई हे पत्र लिहीत असताना खाटेवर आहे. तिचा रक्तदाब अजून टिकून आहे, लघवी नीट होते आहे, ती शुद्धीवर आहे. म्हणजे तिच्याकडे अजून वेळ आहे. मी काल तिच्या नवऱ्याबरोबर जाऊन डॉक्टरांना एवढेच विचारले की तिला नाकातून अन्न सुरू केले आहे का. केले आहे, असे ते म्हणाले. कल्चरसाठी रक्त सकाळी बाहेरगावी पाठवले आहे. खाटेसाठी चार ठिकाणी फोन केले, अजून होकार नाही. उद्या तिचा सतरावा दिवस.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
विजयदुर्ग खाडीकाठ, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग