जोडून सुट्टीचे बेत आणि त्यांतली दगदग

महोदय,

शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळणाऱ्या घरांमध्ये गुरुवारपासूनच बेतांची ठरवाठरव सुरू होते, आणि रविवारी रात्री मंडळी घरी परततात तेव्हा या दगदगीतून सावरायला आणखी एक सुट्टी हवी होती, असे प्रत्येकाच्या तोंडी असते. हे थट्टेने बोलले जात असल्यामुळे त्याकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही. माझ्या मते ते पाहायला हवे. घरच्या माणसांसह आणि मित्रमंडळींसह घालवायचे हे दोन दिवस आपण इतके गच्च भरून टाकतो की ज्यांच्यासाठी बाहेर पडलो त्यांच्याशी धड चार शब्द बोलणेही होत नाही. ठिकाणांची संख्या कमी केली आणि वेळ थोडा सैल ठेवला तर याच सुट्टीतून कितीतरी अधिक समाधान मिळेल, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

अशा भरगच्च सुट्टीचा आराखडा बहुतेकांच्या परिचयाचा असेल. शनिवारी सकाळी मुलांना घेऊन एखादे संग्रहालय, दुपारी जुन्या मित्रांची भेट, संध्याकाळी नातलगांकडे जाणे, रविवारी पहाटे निघून दूरचे एखादे ठिकाण आणि परतताना वाटेवरच असलेल्या कोणाकडे तरी ‘पाच मिनिटे’ डोकावणे. कागदावर हे सारे व्यवस्थित बसते, कारण कागदावर गाडी लावायला जागा शोधावी लागत नाही, लहान मूल ऐनवेळी झोपत नाही आणि निरोप घेताना दारात उभे राहून अर्धा तास गप्पा रंगत नाहीत. एखाद्या कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणसे सातत्याने कमी बांधतात, पूर्वी तसेच काम किती लांबले होते हे ठाऊक असूनही कमीच बांधतात, ही गोष्ट डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ सालीच मांडली होती. सहलीचा बेत हेही एक कामच असल्याने तोही या नियमाला अपवाद ठरत नाही.

त्यातच मंडळी जितकी अधिक, तितका खोळंबा अधिक. समजा, पाच कुटुंबांनी एकत्र निघायचे ठरवले आणि त्यांतले प्रत्येक कुटुंब पाचांपैकी चार वेळा ठरल्या वेळी पोहोचते. एवढा वक्तशीरपणा वाखाणण्याजोगाच म्हणावा लागेल. तरीही पाचही कुटुंबे एकाच दिवशी वेळेवर पोहोचण्याची शक्यता जेमतेम तेहतीस टक्के निघते, म्हणजे तीन सहलींपैकी दोन सहलींची सुरुवात कोणाची तरी वाट पाहण्यानेच व्हायची. यात कोणाचा दोष नसतो. गणितच तसे आहे. मात्र पुढचे प्रत्येक ठिकाण आधीच्या ठिकाणाला खेटून ठेवलेले असले, तर सकाळचा तो अर्धा तास दिवसभर सगळ्यांच्या मानगुटीवर बसतो, आणि उशिरा आलेल्या कुटुंबाकडे पाहण्याची इतरांची नजरही हळूहळू बदलू लागते. मैत्री दृढ करण्यासाठी ठरवलेल्या सहलीहून परतताना दोन गाड्यांमध्ये अबोला असतो, हे मी पाहिलेले आहे.

यावर कोणी म्हणेल की एवढा त्रास असेल तर घरीच बसावे. तसे माझे मुळीच म्हणणे नाही. सर्वांना एकाच वेळी मिळणारी सुट्टी ही आयती हाती आलेली गोष्ट नाही. आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी अनेक वर्षे लावून धरलेल्या मागणीमुळे, १८९० साली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ साली साप्ताहिक विश्रांतीविषयी जो करार केला, त्यात औद्योगिक कामगारांना दर सात दिवसांत सलग चोवीस तासांची सुट्टी असावी असे म्हटले आहेच. शिवाय ती शक्य असेल तेथे आस्थापनेतील सर्वांना एकाच वेळी मिळावी, असेही स्पष्ट नमूद केले आहे. ‘एकाच वेळी’ ही अट घालणाऱ्यांना माणसांची चांगली पारख असली पाहिजे. १९२६ साली हेन्री फोर्ड यांनी आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा लागू केला तेव्हा त्यांचा हिशेब जरा वेगळा होता. कामगाराला मोकळा वेळ मिळाला की तो अधिक वस्तू वापरील आणि विकत घेईल, हे त्यांनी लपवून ठेवले नव्हते. सुट्टीच्या दिवशी घराबाहेर पडून खर्च केलाच पाहिजे अशी जी एक हुरहुर आज अनेकांना लागलेली असते, तिची एक मुळी या हिशेबात सापडते.

एकत्र सुट्टीचे मोल समजून घ्यायचे असेल तर सोव्हिएत संघातील एक प्रयोग आठवावा. यंत्रे एक दिवसही बंद राहू नयेत म्हणून तेथील सरकारने १९२९ साली सलग चालणारा आठवडा सुरू केला. कामगारांचे पाच गट पाडले, ओळखीसाठी प्रत्येक गटाला एक रंग दिला, आणि चार दिवस काम व पाचव्या दिवशी सुट्टी अशी पद्धत लावली. सुट्ट्यांची संख्या मोजली तर कामगाराचे नुकसान झाले नव्हते. सातव्याऐवजी पाचव्याच दिवशी त्याला विश्रांती मिळत होती. पण नवरा एका रंगाचा, बायको दुसऱ्या रंगाची, जिवलग मित्र तिसऱ्या रंगाचा, अशी स्थिती झाली. सुट्टीच्या दिवशी घर रिकामे आणि मित्र कामावर! लोकांची नाराजी वाढली, यंत्रांची निगा राखण्याची जबाबदारीही कोणा एकाची उरली नाही, आणि १९३१ साली सर्वांना एकत्र सुट्टी देणारा सहा दिवसांचा आठवडा आणावा लागला. सात दिवसांचा आठवडा परतायला १९४० साल उजाडले. अमेरिकेतील क्रिस्टोबल यंग आणि चेयून लिम या समाजशास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. शनिवार-रविवारी नोकरदारांचे मन प्रसन्न असते यात नवल नाही, पण नोकरी नसलेल्या, म्हणजे आठवडाभर मोकळाच वेळ असलेल्या माणसांची मनःस्थितीही त्याच दोन दिवसांत जवळजवळ तितकीच सुधारते, असे त्यांना आढळले. इतर दिवशी त्यांच्याजवळ वेळ असतो, पण तो ज्यांच्याबरोबर घालवावा ती माणसे कामावर असतात.

सुट्टीचे मोल जर सोबतीत असेल, तर तिचे नियोजन ठिकाणांभोवती करणे हेच मुळात उलटे आहे. चार ठिकाणांमधला बराचसा वेळ गाडीत जातो. एका गाडीत चारपाच जण, चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर आणि मागे बसलेल्यांचे पुढच्या ठिकाणी पोहोचण्याच्या वेळेवर! ठिकाणी पोहोचल्यावर छायाचित्रे काढून होतात न होतात तोच कोणीतरी घड्याळ दाखवते. मित्रांच्या मनातले काही ऐकायचे तर आधी थोडा वेळ काहीच न घडता जावा लागतो. नोकरीतली अडचण, आईवडिलांच्या आजारपणाची काळजी किंवा मुलांविषयीची धास्ती कोणी भेटल्याबरोबर सांगत नाही. ती हवापाण्याच्या गप्पा संपल्यावर, दोघेजण मागे रेंगाळले असताना निघते, आणि भरगच्च कार्यक्रमात रेंगाळणाऱ्यालाच हाका मारून पुढे ओढले जाते.

बेतच आखू नये असाही याचा अर्थ नाही. बेत न आखता कोणी कोणाला भेटत नाही. ‘एकदा निवांत भेटू या’ म्हणून वर्षे निघून जातात. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन मालकोच यांचे २०१६ साली प्रसिद्ध झालेले संशोधन या बाबतीत उपयोगी आहे. करमणुकीच्या गोष्टींची वेळ तासा-मिनिटाला बांधून ठेवली की त्या कामासारख्या वाटू लागतात आणि त्यांतला आनंद घटतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. परीक्षेच्या दिवसांत त्यांनी काही विद्यार्थ्यांना मोफत अल्पोपाहारासाठी नेमकी वेळ निवडायला सांगितली, तर काहींना दोन तासांच्या अवधीत केव्हाही या असे सांगितले. नेमकी वेळ ठरवलेल्यांना त्या विश्रांतीचा आनंद कमी वाटला. रविवारी दुपारी भेटायचे हे पक्के ठरवावे, पण नेमके केव्हा आणि तेथून पुढे कोठे जायचे हे त्या वेळच्या मनावर सोडावे, इतका साधा धडा त्यातून घेता येतो. दोन दिवसांत ठरवलेली भेट एकच असावी आणि उरलेला वेळ मोकळा असावा, असे मी म्हणेन. त्या मोकळ्या वेळेत आणखी काही घडले तर उत्तमच.

आता ज्या मुद्द्यावर सहसा कोणी बोलत नाही त्याकडे वळतो. अशा सुट्टीचा शीण सर्वांना सारखा येत नाही. कोण येणार, कोण येणार नाही, कोणाला बोलावले नाही तर कोण रुसेल, आजीला किती चालवेल, औषधे कोणत्या पिशवीत, मुलांचे जादा कपडे घेतले का, परतल्यावर दुसऱ्या दिवशीची तयारी केव्हा करायची, हा सगळा हिशेब घरातल्या एकाच व्यक्तीच्या डोक्यात चालू असतो आणि ती व्यक्ती बहुधा घरातली स्त्री असते. ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने पस्तीस जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ साली घरकामाच्या या अदृश्य भागावर लेख प्रसिद्ध केला. पुढची गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि सारे नीट पार पडते आहे ना यावर लक्ष ठेवणे असे त्याचे चार भाग त्यांनी पाडले. त्यांपैकी निर्णय नवरा-बायको बरेचदा मिळून घेतात, पण आधी ओळखण्याचे आणि नंतर लक्ष ठेवण्याचे काम मुख्यतः स्त्रियांकडे राहते, असे त्यांना दिसले. सहलीच्या बाबतीत हे तंतोतंत पटते. ‘कोठे जायचे?’ या प्रश्नावर घरात खेळीमेळीने मतदान होते आणि सगळ्यांना वाटते की बेत सर्वांनी मिळून आखला. मतदानाच्या आधीची चौकशी आणि नंतरची निस्तरानिस्तर कोणी केली हे कोणी विचारत नाही. पुरुष मंडळी गाडी चालवून दमतात हे खरे, पण गाडी थांबली की त्यांचे काम थांबते.

वयस्कर माणसे आणि लहान मुले यांच्याविषयी फार सांगायला नको. दोघांनाही मध्येच विसावा लागतो, आणि दोघांचीही तक्रार ‘सगळ्यांचा मूड घालवला’ या शब्दांत परतवली जाते. ज्येष्ठ तर पुढच्या वेळी ‘तुम्ही या जाऊन’ असे आपणहून म्हणतात आणि त्यांना खरोखरच यायचे नव्हते असे इतर जण सोयीस्करपणे समजून घेतात.

याखेरीज सुट्टीच्या या चित्रात न दिसणारी माणसे आहेत. आपण ज्या दोन दिवशी फिरतो त्याच दोन दिवशी बसचालक, परिचारिका, पोलीस, उपाहारगृहांतील व संग्रहालयांतील कर्मचारी सर्वाधिक राबत असतात आणि त्यांना सुट्टी मिळते ती आठवड्याच्या अधल्यामधल्या वारी, घरचे सगळे कामावर व शाळेत असताना. सोव्हिएत कामगारांची जी गत रंगांमुळे झाली, तीच यांची पाळ्यांमुळे होते. आपल्या मित्रमंडळींत असा कोणी असेल तर त्याला दर वेळी ‘तुला काय जमायचे नाहीच’ म्हणून गाळण्यापेक्षा एखादी भेट त्याच्या सुट्टीच्या संध्याकाळी ठेवावी. त्याने आपले दोन दिवस थोडे हलकेही होतील.

आपल्या वृत्तपत्राकडून एक अपेक्षा आहे. सुट्टीत कोठे जावे हे सांगणारे सचित्र लेख आपण आवर्जून छापता आणि ते आवडीने वाचले जातात. मात्र त्यांत ‘एका दिवसात पाहण्याजोगी पाच ठिकाणे’ या धर्तीचे लेख अधिक असतात, आणि ती पाचही पाहून आलेल्या कुटुंबाचा दिवस कसा गेला हे कधी वाचायला मिळत नाही. त्याऐवजी एकाच ठिकाणाविषयी सविस्तर लिहावे. तेथे सावलीत बसायला जागा किती आहे, स्वच्छतागृह कोठे व कसे आहे, किती पायऱ्या चढाव्या लागतात, चाकांची खुर्ची आत नेता येते का, गर्दी कोणत्या वेळी ओसरते आणि काहीही न पाहता नुसते बसून राहिले तर कोणी उठवते का, ही माहिती लेखासोबत चौकटीत दिली तर घरात बेत आखणाऱ्या व्यक्तीची निम्मी चौकशी वाचेल. दोन ठिकाणांमधील अंतर किलोमीटरमध्ये देण्याबरोबरच सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष लागणारा वेळही द्यावा. तो छापून आला की पाचांपैकी तीन ठिकाणे वाचकच यादीतून खोडून टाकतील, असा माझा अंदाज आहे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक