न काढलेल्या एक्स-रेवर ‘निर्दोष’ शेरा: खरेदीपूर्व तपासणीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: घोडीच्या खरेदीपूर्व तपासणीतील गंभीर त्रुटी व नुकसानभरपाई

महोदय,

गेल्या डिसेंबरात आपल्यामार्फत मी मुलीच्या शो-जंपिंगसाठी अडीच वर्षांची थरोब्रेड घोडी घेतली. मागच्या पायांच्या स्टायफल सांध्यांचे (माणसाच्या गुडघ्याशी जुळणाऱ्या वरच्या सांध्यांचे) एक्स-रे काढण्याचे वेगळे पैसे भरले. अहवालात ‘सर्व सांधे निर्दोष’ असे लिहून आले, त्या भरवशावर घोडी पुण्याला आणली.

जूनमध्ये सराव वाढवला आणि ती मागच्या उजव्या पायाने लंगडू लागली. पहिल्यांदा ते मोतद्दाराच्याच लक्षात आले. आठवडाभर विश्रांती दिली की बरी, दौडवली की पुन्हा तेच. खुरापासून तपासत वर जाण्यात तीन महिने गेले. शेवटी स्टायफलमध्ये भूल दिल्यावर लंगडणे कमी झाले, आणि एक्स-रेत मांडीच्या हाडाच्या आतल्या टोकाला, कूर्चेच्या लगेच खाली, पोकळी दिसली. तिच्या कडेचे हाड घट्ट झालेले आहे. डॉक्टरांच्या मते ती बरीच जुनी असावी.

तेव्हा मी आपल्याकडून मूळ फोटो मागवले. त्यात फेटलॉक (खुरांच्या वरचे सांधे) आहेत, पुढचे गुडघे आहेत. स्टायफलचा एकही फोटो नाही! ‘अशी पोकळी नंतरही होऊ शकते,’ असे आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले. होऊ शकते, मान्य. पण डिसेंबरात ती नव्हती हे दाखवणारा फोटो आपण काढलाच नाही, मग हे उत्तर कशाच्या आधारावर?

उशीर झाला म्हणून मी इतका अस्वस्थ आहे. दुर्बिणीतून पोकळी खरवडण्याच्या 85 घोड्यांवरील ब्रिटिश अभ्यासात 3 वर्षांपर्यंतच्या घोड्यांपैकी 64 टक्के कामावर परतले, त्याहून मोठ्यांपैकी फक्त 35 टक्के. आमची घोडी आता तीन ओलांडून गेली आहे. म्हणून डॉक्टरांनी खरवडण्याऐवजी पोकळीतून आडवा 4.5 मिलिमीटरचा स्क्रू बसवायचे ठरवले. त्याने हाड आवळले जाते आणि पोकळी भरून यायला मदत होते. त्यासाठी तिला पूर्ण भूल द्यावी लागेल, नंतर काही महिने तबेल्यातच ठेवावे लागेल. एवढ्या मोठ्या जनावराला भूल देऊन पुन्हा उभे करणे किती जोखमीचे असते, हे आपल्याला मी सांगायला नको. मुलगी रोज संध्याकाळी तिच्यापाशी जाऊन बसते.

तपासणीचे शुल्क परत करावे, शस्त्रक्रियेचा खर्च द्यावा आणि स्टायफल न तपासता शेरा कोणी दिला ते लेखी कळवावे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. करार, अहवाल व दोन्ही वेळचे एक्स-रे सोबत जोडले आहेत.

आपला,
घोडीचा मालक, पुणे